अर्धा चहा

अंधेरीत आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर एक शिंपी रोज भेटायचा. गळ्यात टेप, बोटांना खडूची पांढरी पूड. चहा म्हणजे त्याचा जीव. पण रमजान जवळ आला की तो ग्लास अर्धाच भरून घ्यायचा, पुढे त्याहून कमी. म्हणायचा, "आतापासून सवय नाही लावली तर रोज्यात डोकं दुखतं, मग गिऱ्हाइकावर खेकसतो. तसला रोजा काय कामाचा?"

एकदा ग्लासात बघत हळूच म्हणाला, "वर कोणी आहे का, खरं सांगू, मला माहीत नाही."

रमजान लागल्यावरही तो दुपारी टपरीवर आला, नुसताच उभा राहिला. मी गमतीत म्हटलं, "घ्या घोटभर. कोण बघतंय?"

तो हसला. "कोणीतरी बघतंय अशी खात्री असती, तर सोपं गेलं असतं."