मानकऱ्याला आवतण कसलं?

चांद मुलाणी वाद घालायला लागला की आधी सुरी खाली ठेवायचा. ही त्याच्या बापाची शिकवण. हातात सुरी असताना तोंड चालवायचं नाही. आता मटणाच्या दुकानात हा नियम पाळायचा म्हणजे गिऱ्हाइकांचे काय हाल होत असतील ते तुम्हीच बघा. कारण समोरच्या बाकावर रोज सकाळी त्याचा जुना दोस्त सोनबा पेपर घेऊन हजर. सोनबा एक मथळा मोठ्यानं वाचणार, चांद सुरी ठेवणार, आणि अर्धा किलो न्यायला आलेला माणूस पिशवी धरून ताटकळत उभा. नव्या बिल्डिंगमधली मंडळी सुरुवातीला चिडली. मग त्यांना सवय झाली, आणि पुढं पुढं तर काही जण बाजूही घ्यायला लागले.

हडपसरच्या पलीकडचं हे गाव आता नावाला गाव. उसाची रानं गेली, तिथं टॉवर आले. सोनबाच्या रानात पोहायचा तलाव झालाय आणि तिथला वॉचमन सोनबालाच आत सोडत नाही. राहिलं काय, तर गावठाण आणि भैरवनाथाची जत्रा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी पाव्हण्यांना तिखटाचं जेवण. त्या दिवशी पहिलं बकरं सोनबाच्या दारात, आणि ते चांदच्या हातनं. मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय गावात मटणाचं पातेलं चुलीवर चढत नाही, असा रिवाज. चांदच्या बापानं हे केलं, आज्यानं केलं. तो त्या घराचा मान.

दोघं भांडायचे कशावरून? कशावरून भांडत नव्हते ते विचारा. रस्त्याचं रुंदीकरण, आरक्षण, मतदान यंत्र. इतिहासावर आले की मग काही खरं नसायचं.

"जुन्या लढायांत तुझे लोक कुणाकडनं हुते रं चांद्या?"

चांदची सुरी खाली. "माझा खापरपणजा हितंच बकरी कापत हुता. तुझा कुठं हुता?"

"माझा लढत हुता."

"त्याला मूळव्याध हुती म्हनून तो गेलाच न्हाई. तूच सांगितलंस मागं."

सगळं दुकान हसायचं, सोनबासकट. पण सोनबाही काही कमी नव्हता. तो भोंग्यावर आला, चांदनं गणपतीतला डीजे काढला, तेव्हा सोनबा म्हणाला, "मला डीजे बी नको अन् भोंगा बी नको. झोप लागत न्हाई." "ते बी खरं हाय," म्हणून चांदनं सुरी उचलली.

हे सगळं असंच चाललं असतं. पण यंदा जत्रेच्या आधी एका गिऱ्हाइकानं चांदला मोबाईल दाखवला. गावातल्या तरुण पोरांचा ग्रुप. त्यात सोनबाच्या पोरानं, साईनाथनं, लिहिलं होतं: जत्रेला यंदा आपला माणूस आणायचा, बाहेरचा नको. खाली पन्नास अंगठे. साईनाथ! फ्लॅटच्या दलालीत नाव काढलेला, पण लहानपणी चांदच्या खांद्यावर बसून पालखी बघितलेला साईनाथ. चांदनं मोबाईल परत दिला आणि मटण तोलायला घेतलं.

सोनबाकडं साधा फोन, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो बाकावर येऊन बसला, एक मथळा वाचला, दुसरा वाचला. चांद कापतच राहिला.

"मूग गिळून बसलायस व्हय?"

"काय न्हाई," चांद मान वर न करता म्हणाला. "यंदा जत्रंला आवतण आलं तर येईन म्हनतो."

सोनबा ताडकन उठला. "आवतण? मानकऱ्याला आवतण देत्यात व्हय कधी? पाव्हणा हायस का तू? लई मोठा झालास!" पेपर काखेत मारून तो जो गेला तो जत्रेपर्यंत दुकानाकडं फिरकला नाही.

आता यात चूक कुणाची म्हणायची? चांदला वाटलं, पोरानं काही लिहू दे, सोनबाचं मन काय ते बघावं, त्याला मी हवा असेन तर तो एका शब्दानं बोलवेल. सोनबाला वाटलं, घरच्या माणसाला आवतण देणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर काढणं. दोघंही आपापल्या जागी रुसून बसले, आणि जत्रा काही कुणासाठी थांबत नाही.

तिखटाच्या जेवणाच्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावून चांद वाघोलीला लेकीकडं गेला. मिसबा तिथं कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, "अब्बा, बरं केलंत. आपण नको असू तिथं जायचंच कशाला?" लेकीचं खरं होतं, आणि म्हणूनच ते चांदला जास्त लागलं. भिंतीकडं तोंड करून तो पडून राहिला. त्याला रडू येत होतं, रागही येत होता, आणि गावात आता आपल्याला कुठं उभं राहायचं हे उमगत नव्हतं. दुकान काय, कुठंही टाकता येतं. जत्रेत जागा नसेल तर ते गाव आपलं कसलं?

इकडं काय झालं ते त्याला नंतर कळलं. साईनाथनं बकरं कापायला दुसरा माणूस आणला. सोनबाची बायको मुक्ताबाई मसाला वाटून तयार. तिनं विचारलं, "हे कोन? मुलाणी कुठाय?" साईनाथला सांगावंच लागलं, ग्रुपसकट सगळं. मुक्ताबाईनं गॅस बंद केला. "माझ्या चुलीवर ह्याच्या हातचं चढायचं न्हाई. पाव्हण्यास्नी डाळभात घाला," म्हणाली. त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. आवतणाचं कोडं सोनबाला आत्ता उलगडलं. तो पोराला म्हणाला, "गाडी काढ."

मिसबानं दार उघडलं तर समोर सोनबा, आणि मागं किल्ली हातात घेऊन साईनाथ.

"आवतण द्यायला आलास?" चांदनं विचारलं.

"न्हाई. भांडायला आलोय!" सोनबा चपला न काढताच आत आला. "पोरानं असं लिवलं तर मला का न्हाई सांगितलंस? अख्ख्या दुनियेवरनं माझ्याशी भांडतोस. अन् ज्याच्यावरनं भांडायचं तेवढंच गिळून बसलास?"

"तुझ्या पोराची चुगली तुझ्यापाशी करू?"

"कर की! मग काय परक्याच्या पोराची करनार हायस?"

साईनाथ दारातूनच बोलला. "काका, मी तुमच्याबद्दल नव्हतं लिहिलं. ते जनरल होतं."

"साईदादा," मिसबा शांतपणे म्हणाली, "गावात मुलाण्याचं घर एकच आहे. मग जनरल म्हणजे कोण?"

साईनाथची मान खाली गेली. किल्ली बोटात फिरवत तो म्हणाला, "पण मला अजूनही वाटतं की..."

"गप ए!" सोनबा खेकसला.

"त्याला बोलू दे सोनबा," चांद म्हणाला. "बस साई. बोल."

साईनाथ खुर्चीच्या टोकावर बसला. आधी मोबाईलवरच्या व्हिडिओंत ऐकलेलं बोलला, मग ग्रुपमधलं, मग बोलता बोलता ते सगळं मागं पडलं. "रान गेलं, काका. मीच विकायला लावलं आबांना. आता गावात मला कोणी ओळखत नाही, सगळे बाहेरचे. म्हटलं, जत्रा तरी आपली राहावी."

चांद म्हणाला, "मला बी तेच वाटतंय रे. जत्रा तरी आपली ऱ्हावी."

सोनबानं टोपी काढून डोळे पुसले आणि टोपी उलटी घातली. मिसबानं सगळ्यांना पाणी आणून दिलं, आणि चौघंही गाडीत बसले.

सगळं पटलं आणि गोड झालं असं समजू नका. खराडीपासून साईनाथनं इतिहास काढला. मुंढव्याच्या सिग्नलला चांदनं त्याला चार गोष्टी सुनावल्या, त्यातली एक साईनाथला पटली, तीन पटल्या नाहीत. मिसबानं दोघांच्याही चुका काढल्या. सोनबाला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही, तेव्हा तो खिडकीची काच खाली करून मजेत वारा खात बसला.

दारात मुक्ताबाई कमरेला पदर खोचून उभी होती. मागं डाळभात खाऊन कंटाळलेले पाव्हणे.

"भावजी, सकाळधरनं कुठं उलथला हुता?" ती चांदवर ओरडली. "पाव्हण्यांफुडं माझी लाज काढली! अन् तू गं मिसबा, बघत काय उभी ऱ्हायलीस? कांदं सोलायला बस जा. साई, बकरं धर काकाला."

चांदला इतकं बरं वाटलं की तिथंच खाली बसावंसं वाटलं. पण पाव्हणे भुकेले होते, म्हणून बाह्या वर करत तो मागल्या अंगणाकडं निघाला. साईनाथ बकऱ्याचा कान धरून पुढं चालला होता आणि मागं वळून म्हणत होता, "पण काका, तुमची ती तिसरी गोष्ट मला पटलेली नाही हां."