कंट्रोलरची जोडलेली पानं

दोन हजार एक सालचा दिवाळीनंतरचा रविवार, सकाळी दहा. ठिकाण : औंढा नागनाथ, बसस्थानकासमोरच्या हॉटेलची मागची खोली. प्रसंग : कादंबरीचं प्रकाशन. हजर : लेखक स्वतः; त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी; छापखान्यातला बाइंडर; अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक; व्यवस्था बघायला मी, तहसीलातला आवक-जावक कारकून; आणि जिंतूरच्या गाडीची वाट पाहणारे तिघं, चहा फुकट आहे म्हणून. एकूण आठ. गाडी लागल्यावर पाच.

लेखकाला सगळा तालुका कंट्रोलर म्हणायचा. बसस्थानकावर गाड्यांची नोंद करायची आणि गाड्या पुकारायच्या, ही त्यांची नोकरी. आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी प्रवाशांच्या लक्षात यायचं नाही. तो घरी, देवळात, दवाखान्यात कुठेच खाली येत नसे. त्या दिवशी स्वतःच्या पुस्तकाचं नावही त्यांनी पुकारलंच, "पाठीवरचं मीठ!" आणि जिंतूरवाल्यांपैकी एकजण दचकून पिशवी उचलून उभा राहिला.

"गाडी फलाटाला लावा, बसणारं येतेच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मूळचे तांड्यावरचे. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचा, त्याची ही गोष्ट. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात, जुन्या नोंदीच्या कागदांच्या पाठीवर, त्यांनी ती अकरा वर्षं लिहिली. पुण्याच्या दोन प्रकाशकांनी परत पाठवली. एकाचं पत्र तरी आलं, दुसऱ्याचा नुसता लिफाफा. मग कंट्रोलरनी स्वतःच छापली. पाचशे प्रती.

बाइंडिंगमध्ये एक चूक झाली. पासष्ट ते बहात्तर या पानांची घडी आत दबून राहिली आणि कापायच्या यंत्राखाली तिची वरची कड आलीच नाही. प्रत्येक प्रतीत तेवढी पानं वरून जोडलेली. बाइंडरनं प्रकाशनातच हात जोडले. कंट्रोलर म्हणाले, "असू दे. ज्याला पुढं जायाचं, ते फाडंल."

पाचशे प्रती घरी आल्या तेव्हा त्या किती असतात ते कळलं. दोन खोल्यांचं घर. खाटेखाली, कपाटावर, धान्याच्या कोठीवर, मोरीच्या भिंतीला, सगळीकडे गठ्ठे. दार अर्धंच उघडायचं, आडवं होऊनच आत जावं लागे. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "बाबू, मीठ बैलाच्या पाठीवरून उतरलं अन् माह्या उरावर बसलं." कंट्रोलर ते ऐकून मोठ्यानं हसले. मग दारामागचा एक गठ्ठा उचलून त्यांनी स्वतःच्या उशाशी ठेवला.

हिंगोलीच्या पुस्तकांच्या दुकानात मी सोबत गेलो होतो. दुकानदारानं पुस्तक उलटंसुलटं केलं. "गाईड आहे का?"

"कादंबरी आहे."

"कोणत्या वर्गाला?"

पाच प्रती त्यानं ठेवून घेतल्या. वर्षानं गेलो तर त्या पाचांवर पंखा ठेवलेला.

तेव्हा आहेराची कल्पना निघाली. ती त्यांची, पण अमलात आणली मी, हे लपवत नाही. आमच्याकडे लग्नात आहेर भोंग्यावरून पुकारतात. अमक्याकडून स्टीलची घागर, तमक्याकडून टॉवेल-टोपी. हजार माणूस ऐकतं. कंट्रोलर म्हणाले, "आपुन पुस्तकच आहेर करू. फुकटात नाव पुकारलं जाईल, अन् पुस्तक बराबर घरात जाईल." मी तालुक्यातल्या लग्नतिथींची यादी केली, कोण कुठे ओळखीचं त्याचे रकाने आखले. तीन उन्हाळे आम्ही हिंडलो. वारंगा फाट्यापासून नरसीपर्यंत एकही मांडव सोडला नाही. रंगीत कागदात गुंडाळलेली प्रत, वर हळदीकुंकवाचं बोट. भोंग्यावरून नाव आलं की कंट्रोलर डोळे मिटून घ्यायचे.

एक गोष्ट आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नाही. आहेर फेडायचा असतो.

माझीही एक प्रत होती. मी कामाचा माणूस, कादंबऱ्या वाचत नाही. पण ते भेटले की पहिला प्रश्न तोच. "काहून बाबू, कुठवर आलं?" पहिल्यांदा मी म्हणालो, चाळिसावं पान. मग पुढे सरकणं भाग पडलं. साठ. ऐंशी. टिपणवहीच्या मागच्या पानावर मी आकडे लिहून ठेवले, म्हणजे पुढच्या भेटीत चूक व्हायला नको. "शंभराच्या पुढं गेलो," असं सांगितलं त्या दिवशी ते म्हणाले, "असं का," आणि माझ्यासाठी चहा सांगितला. त्यानंतर मला बसस्थानक टाळून घरी जायचा रस्ता शोधावा लागला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. आहेराच्या वहीवर मी बसलो. तिसरीच ओळ : पुस्तक, एक. मग सातवी. मग अकरावी. रंगीत कागद तोच, कुंकवाचं बोटही तेच, फक्त वाळलेलं. भोंगेवाला पुकारत राहिला, "यांच्याकडून पाठीवरचं मीठ… यांच्याकडून पाठीवरचं मीठ…" लोक आधी कौतुकानं ऐकत होते, मग हसू लागले. मांडवाच्या दाराशी कंट्रोलर हात जोडून उभे होते. मुलीचा बाप, त्यांना तिथून हलता येत नव्हतं, आणि भोंग्याला थांबवताही येत नव्हतं. एक म्हातारे पाटील मोठ्या प्रेमानं त्यांना सांगत होते, "पावणं, विद्येची वस्तू. लेकरांचा हात लागू दिला न्हाई. देवाजवळ ठिवली होती, जशीच्या तशी आनली बघा." कंट्रोलर त्यांना म्हणाले, "लई उपकार झाले."

उन्हं उतरल्यावर मुलीची गाडी गेली. रिकाम्या मांडवात कंट्रोलर सतरंजीवर बसले आणि परत आलेल्या प्रती पुढ्यात घेतल्या. एकतीस. कागद काढायचा, वरच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायची. पासष्ट ते बहात्तर, जोडलेलं. जोडलेलं. जोडलेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबू, तुमी त शंभराच्या पुढं गेलते. जोडलेल्या पानाचं काही बोलले न्हाई."

आहेराची वही नीट बांधून ठेवण्याचं काम मी फार सावकाश केलं.

तिसावी प्रत हातात घेतली आणि त्यांचा अंगठा थांबला. पानं कापलेली होती. विळ्यानं कापली असावीत, कड वेडीवाकडी फाटलेली. एकाहत्तराव्या पानावर मीठ पावसात भिजून बैलाच्या अंगावरून वाहतं, तो प्रसंग. शेजारी पेन्सिलीनं, शाळेतल्या गोल अक्षरात : "माही आजी बी असंच सांगायची. ती रडायची."

"कोणी दिलं हे?" कंट्रोलर एवढ्या हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

मी वही उघडली. ओळ एकशे अठरा : पुस्तक, एक. नावाची जागा कोरी. सबंध दिवसात मी पाच मिनिटं जेवायला उठलो होतो, वही त्यांच्या मेव्हण्याकडे देऊन. मेव्हणे म्हणाले, "गर्दी होती, दाजी. एक बाई आली, हातात देऊन गेली. पुस्तकं येऊनच राहिले होते, काय इचारायचं त्यात?"

पुढची दोन वर्षं कंट्रोलर ती बाई शोधत होते. त्यासाठी त्यांनी तक्रारवही काढली. खिडकीशी आलेल्या प्रत्येक बाईपुढे ती सरकवायचे. "ताई, काय तकलीफ असंल ते लिहा. मोकळ्या मनानं लिहा." बायका गोंधळायच्या. एक म्हणाली, "मला काहीच तकलीफ न्हाई, भाऊ." "मंग तसं लिहा." रात्री मुक्कामी गाड्या लागल्या की ते अक्षरं ताडून बघायचे. बदलून आलेल्या एका साहेबानं विचारलंसुद्धा, एवढ्या तक्रारी फक्त औंढ्यालाच कशा?

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांचा घसा गेला. नांदेडच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा आवाज उरलाच नव्हता. मला जवळ बोलावून ओठांनीच म्हणाले, "एकशे अठरा?"

येताना मी एक नाव तयार करून आणलं होतं. गाव, आडनाव, माहेर, सगळं जुळवून. ते सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, आणि बहुधा "असं का" म्हणाले असते. मी म्हणालो, "शोधून राहिलो, कंट्रोलर." त्यांनी मान हलवली.

त्यांच्या दहाव्यानंतर घरी येऊन मी माझ्या प्रतीची पानं चाकूनं कापली आणि कादंबरी वाचली. ती चांगली आहे. हे सांगायला आता वहिनीच होत्या, त्या म्हणाल्या, "मंग तवा काहून न्हाई बोलले, बाबू?"

आहेराची वही माझ्याकडे आहे. लग्नाला जातो तिथे ती पिशवीत असते. चौकशी झालेल्या गावांवर खूण केली आहे, तीन गावं आणि दोन तांडे राहिलेत. ओळ एकशे सतरा : स्टीलची घागर, नावासह. ओळ एकशे एकोणीस : टॉवेल-टोपी, नावासह. मधल्या ओळीत नाव लिहायचं आहे.