मसावि कुणामुळे अडला

मृणालचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जातो. बायकोलाही ही गोष्ट कधी पूर्ण सांगितली नाही. आता लिहून टाकतो.

अमेरिकेत, सनीव्हेलमधल्या आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बीजगणित करायचं. त्यातला मसावि काढणारा भाग माझा. बारा आणि अठराचा मसावि सहा, तोच शाळेतला. फक्त आकड्यांच्या जागी x, y, z असलेल्या लांबलचक बहुपदी. उत्तर छोटं येतं, पण मधल्या पायऱ्या इतक्या फुगू शकतात की कॉम्प्युटर अडतो.

मृणाल नागपूरची, टीममध्ये नवी, व्हिसावर. तिचे बदल घेऊन नवं व्हर्जन गेलं आणि त्याच आठवड्यात एका रोबोटवाल्या ग्राहकाचा फोन आला. काही सेकंदांचं गणित सकाळपासून चालूच होतं.

"काय बदललं?" मॅनेजर ग्रेगने मीटिंगमध्ये विचारलं.

"माझा कोड. पण मी मसाविला हात लावलेला नाही," मृणाल म्हणाली.

"मग काय, योगायोग?"

बाहेर आल्यावर तिने मला गाठलं. "काका, सगळा वेळ तुमच्या फंक्शनमध्ये जातोय. एकदा बघता का? जॉब गेला तर व्हिसाही जाईल."

"अगं, तो कोड तुझ्या वयाचा आहे. त्याला आत्ताच काय होतंय?"

तरी बघितलं. मसावि काढताना एक अक्षर मुख्य धरून मांडणी करतात. सहसा ज्याचा घातांक लहान, ते घ्यावं. मी तरुणपणी घाईत लिहिलं होतं: ABCच्या क्रमाने जे पहिलं, ते मुख्य. नंतर सुधारू म्हटलं, ते राहिलंच. ग्राहकाने नव्या फाइलमध्ये z चं नाव बदलून angle केलं होतं, म्हणून ते शेवटून एकदम पहिलं आलं. नेमका त्याचाच घातांक सगळ्यात मोठा. मी परत z केलं, उत्तर लगेच आलं.

दुरुस्ती दोन ओळींची. "किरकोळ साफसफाई" असा शेरा मारून मी ती टाकली. ग्रेगला वाटलं, मी मृणालची चूक निस्तरली. "यू सेव्ह्ड अस," तो म्हणाला. मी थँक्स म्हणालो. वरती ले-ऑफची नावं ठरत होती, आणि माझ्यासारख्या साठीतल्या माणसाचं नाव पटकन सुचतं. यादीत गेलं मृणालचं.

प्रोग्राम अडला की बोट नव्या कोडकडे जातं. आधी जुना तपासावा, ज्याला कुणी काही विचारत नाही तो.

एअरपोर्टला मीच सोडलं तिला. फ्रीवेवर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काका, त्या किरकोळ साफसफाईत काय साफ केलंत?"

"टर्मिनल कुठलं गं तुझं?" मी विचारलं.

बॅगा उतरवल्यावर तिने वाकून नमस्कार केला. माफी मागायची होती. "पोचलीस की मेसेज कर," एवढंच म्हणालो.

तिने केला. "पोचले काका."

मी अंगठा पाठवला.