पन्नास मिनिटांचं विमान

ती केस आठवली की आजही हसू येतं, आणि माझी मलाच थोडी लाजही वाटते. मी तेव्हा मालेगाव तालुक्यात ठाणेदार होतो.

मेडशीकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार भरदुपारी चोरीला गेली. बारापर्यंत चालू होती, तीनला पाहतो तर जागेवर नाही. खबऱ्यानं शेजारच्या शेतातल्या तरुणाचं नाव घेतलं. दोन्ही घरांत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुनं भांडण होतंच. त्यात या गड्याची सरकारी नोकरीत निवड झालेली, चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर. गुन्ह्यात नाव आलं असतं तर नोकरी हातची गेली असती.

चौकशीत तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी मायले घेऊन इमानानं आलो."

ठाण्यात हशा पिकला. पण त्यानं मोबाइलवर तिकीट दाखवलं. कागदपत्रं तपासून घ्यायला दोघं गेले होते, येताना मायची हौस पुरवली. एका छोट्या विमानतळावरून दुसऱ्या छोट्या विमानतळावर, पन्नास मिनिटं. मी जन्मात विमानात बसलो नव्हतो, तरी शहाणपण केलंच. आठला उडालं, नवाच्या आत उतरलं, तिथून एसटीनं तीन तास. म्हणजे बाराला गावात.

"मग दुपारी कुठं होतास?"

त्यानं मान खाली घातली. "मायले ठाण्यात नोका बोलावू," एवढंच म्हणाला. गप्प बसतो तो काहीतरी लपवतो, हा माझा जुना आडाखा. मी त्याला बसवून ठेवलं.

माय आपणहून आली. "जयभीम साहेब," म्हणून समोर बसली. विमानातून उतरल्यावर काय केलं, ते मी विचारलं.

"जाळीपाशी उभी होती."

"कायले?"

"थे इमान वापस जाणार होतं ना. ज्यानं आपल्याले सुखरूप आणलं, त्याले वाटे लावल्याबिगर पाठ फिरवाव काय? पोरगं म्हणे चाल माय, चाल माय. मी काही हालली नाही."

परतीचं विमान रखडलं होतं. ते एक वाजता उडालं, तोवर बाई उन्हात जाळी धरून उभी. लोक मायला हसतील म्हणून पोराचं तोंड उघडत नव्हतं. मी विमानतळावर फोन लावला. सुरक्षारक्षक म्हणाला, "हो साहेब, त्या माउलीनं मला अर्धी भाकर खाऊ घातली." सीसीटीव्हीतही दोघं दिसले. चार दिवसांनी मोटार सापडली, चोर भलताच निघाला. पडताळणीचा शेरा मी स्वतःच्या हातानं लिहिला: काहीही आक्षेपार्ह नाही.

आमच्याकडे पाहुण्याची गाडी नजरेआड झाल्याशिवाय कोणी घरात शिरत नाही. मी याच मातीतला, मला हे ठाऊक होतं. तरी वेळ मोजताना नेमकं तेच विसरलो. तपासात अंतर मोजावंच, पण निघालेलं माणूस कोण आहे, हे आधी पाहावं.

वर्षभरानं माझी बदली झाली. जीप निघाली तेव्हा ती बाई फाट्यावर आलेली होती. मी म्हटलं, "मावशी, ऊन लागेल, घरी जा."

"तुमी निंघा साहेब, मी हावो इथंच."

वळण येईपर्यंत मी आरशात पाहत होतो. ती जागची हालली नव्हती.