दहा डावांचा तह

नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून असलेली वर्षाराणी डबा खाता खाता मोबाइलवर लढाया खेळायची. समोरचं राज्य तिच्या धाकट्या भावाचं, हदगावच्या सुदर्शनचं. आधी एकाने डाव खेळायचा, मग दुसऱ्याने. तह झाला की दहा डाव हल्ला करता येत नाही, आणि आत शिरलेली फौज आपोआप सीमेबाहेर जाते. सुदर्शन हरायला लागला की तह मागायचा, "ताई, माफ कर" असं लिहायचा, दहा डाव निवांत हत्ती जमवायचा आणि अकराव्याला तिच्याच राजधानीवर तुटून पडायचा. ती दातओठ खायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तह द्यायची. भाऊच ना!

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि तो साडी घेऊन तिच्या घरी आला. साडीच्या घडीखाली हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला वाटा बहिणीने भावाला लिहून द्यायचा, अशी रीतच होती.

"सही कर, ताई. माहेर तुझंच हाय, कवाबी ये."

त्याच सकाळी त्याने खेळातही तह मागितला होता, कारण तिची फौज त्याच्या वेशीला भिडली होती. वर्षाराणीने त्याच्यासमोरच मोबाइल काढला, तह नाकारला आणि त्याची राजधानी घेतली.

"एका खेळापायी भावाशी वैर धरून राहिलीस?" सुदर्शन भडकला.

"खेळात तू निदान दहा डाव तरी भाऊ असतोस," ती म्हणाली. "हितं सही झाली की एकबी डाव नसशील. साडी ठेव, कागद उचल."