थोरल्या घराची बोट

सुदामला बोटीचे नियम शिकवले ते त्याच्या बायकोने, भाग्यश्रीने. ती दहावी झालेली. हा चौथीतूनच गुरांमागे गेलेला. धरणाच्या काठी नवं हॉटेल झालं होतं, त्यांना मोटारबोटीवर लायसनवाला सारंग हवा होता. बारमाही पगार! सुदामच्या वल्ह्याच्या होडीत एरवी बसणार कोण? किन्हवलीच्या बाजाराला निघालेल्या कोंबड्या.

रोज संध्याकाळी ती ओट्यावर दोन तांबे मांडायची.

"हा तुमी. हा तुमच्या उजवीकडनं आला. वाट कोणी द्यायची?"

"मी. च्या दे आता गो."

महिनाभरात पुस्तक पाठ. गड्याची मान अशी ताठ, जणू समुद्रच विकत घेतला.

परीक्षेला उमेदवार दोनच. दुसरा बारकू, सुदामचा चुलतभाऊ, धाकट्या घरचा. बांधावरून नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद. परीक्षा घेणारे साहेब हॉटेलच्या एका मोटारबोटीत सुदामबरोबर बसले आणि दुसऱ्या बोटीतल्या बारकूला त्यांनी उजवीकडून यायला सांगितलं.

बारकू आला. सुदामने त्याला पाहिलं आणि छाती पुढे काढली.

"वळवा! अवो, वळवा की!" काठावरून भाग्यश्रीचा घसा फाटला. सुदाम ढिम्म. बोटी हातभर अंतरावर आल्या तेव्हा साहेबांनीच चाक हिसकून फिरवलं.

"वाट कोणी द्यायची होती रे?"

"नियमानं मी," सुदाम म्हणाला. "पण साहेब, आमचं थोरलं घर. होळीला पयला नारळ आमचा. ह्या धाकट्याला मी वाट देऊ?"

साहेबांनी बारकूला विचारलं, "आणि तू सरळच का आलास?"

"ह्याच्यासाठी मी वळू? मेलो तरी नाय!"

"नियमच आहे तो. ज्याचा हक्क, त्याने दिशा सोडायची नाही. पास."

बारकूने पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. आडमुठेपणात दोघे एकाच आज्याचे नातू. फक्त बारकूचा नेमका नियमात बसला.

सुदाम घरी आला तो मिशीला पीळ देत. "नाय दिली वाट. भावकीत नाक राखलं."

"राखलंत? मग आता जन्मभर त्या नाकानंच वल्हवा!"

पण ऐकायला तो थांबला कुठे? पारावर थोरल्या घरची चार म्हातारी खोडं त्याची पाठ थोपटायला बसली होती. "शाब्बास रे वाघा!" त्यांतला एकही जन्मात कधी होडीत बसला नव्हता.