बारदानासकट वजन

मळवलीला आमची भाताची गिरणी आहे. तिथल्या पोत्यांच्या काट्यावर रोज सकाळी एक बाई वजन करायला उभी राहायची. तिशीची, बंगल्यांची झाडलोट करणारी, कुस्तीगिरासारखे सुजलेले कान. संध्याकाळी लोणावळ्याला जिउ-जित्सू, म्हणजे अंगरखा घालून खेळायची जपानी कुस्ती, शिकते एवढंच ठाऊक. नाव मी कधी विचारलं नाही. पिशवीतला तो जाड पांढरा अंगरखा चढवायची, चपला बाजूला काढायची, भीतीनं डोळे मिटायची. आकडा मी सांगायचो.

तिच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "साठ."

"झालं मग. उद्या अंगरख्यासकट वजन करत्यात, भाऊ. साठाच्या वर गेलं की भाईर."

अंगरखा म्हणजे बारदान, मालाभोवतीचं रिकामं पोतं, समजून मी रोज किलोभर वजा करत होतो, वर स्वतःला चोख समजत होतो. शेवटी सांगून टाकलं, "एकसष्ट आहे."

आतून बायको म्हणाली, "बाईमाणसाला पोत्यात धरलंत. धन्य आहे."

ती मात्र म्हणाली, "आज बोललात ते लय बरं केलं, भाऊ. उद्या तितं कळलं असतं तर?" दोन स्वेटर चढवून ती बेडशाच्या रस्त्यानं पळत सुटली. दुपारी घामानं निथळत परत आली, तेव्हा काटा अंगरख्यासकट साठावर थांबला.

स्पर्धेत ती खेळली, दुसऱ्या फेरीत हरली.

स्टेशनाजवळ दुसराही काटा आहे. तरी सोमवारी ती आमच्याच दारात आली, चपला काढून चढली आणि डोळे मिटले.

मी आकडा दोनदा वाचला, मगच सांगितला.